वळणावरचा आवाज

गाडीचा आवाज हा गाडीचाच आवाज असतो. त्यात देव नसतो, भूत नसतं, शेजाऱ्याची नजरही नसते. कणकवली डेपोची एसटी चालवण्यात माझा जन्म गेला आणि जन्मभर मी हे लोकांना ओरडून सांगत आलो. गाडी कण्हते, गाडी कुरकुरते, कधी कधी तर आईमाईवरून शिव्या घालते, पण ती आपल्या दुखण्यापायी. सत्यवानाला हे मी किती वेळा सांगितलं असेल! पालथ्या घड्यावर पाणी.

सत्यवान माझा शेजारी. त्याच्या आणि माझ्या परड्यात फक्त एक गडगा, म्हणजे दगडी कुंपण. लहानपणी आम्ही खाडीत एकत्र पोहलो आणि घरी येऊन एकत्र मार खाल्ला. पुढे तो वाडीचा पुढारी झाला, मी ड्रायव्हर झालो. त्याच्या किडन्या गेल्या तेव्हापासून आठवड्यातून दोनदा त्याला डायलिसिसला ओरोसला न्यावं लागे. त्याचा मुलगा दत्तप्रसाद गोव्यात टुरिस्ट जीप चालवायचा. तो बापासाठी नोकरी सोडून घरी आला. दत्ता तसा कमी बोलणारा, पण बापाच्या खोलीत रात्री खोकला वाजला की आईच्या आधी हा उठायचा.

आमची वाडी खाली, खाडीला लागून. वरच्या डांबरी रस्त्याला जायला एकच वाट, तीही घाटीची. ती घाटी फोडून रस्ता केला तो सत्यवानानेच. माणसं गोळा केली, कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, जेसीबी आणला. अर्ध्या घाटीवर किंजळीच्या झाडाखाली राखणदाराचं स्थान आहे, एक उभा पाषाण. राखणदार वाडीची राखण करतो; त्याला नारळ द्यायचा, विडी ठेवायची आणि त्याची जागा त्याला सोडायची, एवढा आमचा त्याचा करार. रस्ता त्या पाषाणाला वळसा घालून नेला, म्हणून तिथलं वळण इतकं आवळलं की स्टिअरिंग पार शेवटपर्यंत फिरवल्याशिवाय गाडी वळतच नाही.

पुढे सिमेंट आलं. खालून वळणापर्यंत काँक्रीट झालं, वळणाच्या पुढे परत काँक्रीट झालं आणि मधला तेवढा तुकडा तसाच राहिला. राखणदाराच्या दारात त्याला न विचारता सिमेंट ओतणार कोण? विचारायचं म्हणजे देवळात कौल लावायचा. देवाच्या पाषाणाला पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी सत्यवानाला म्हटलं, कौल लाव आणि मोकळा हो.

"आणि तो नाय म्हणालो तर?" तो म्हणाला. "मगे आसा तो रस्तोय जायत. इचारूक नको, तेतूच बरा आसा."

वाडीत सगळ्यांना हे पटलं. मला नाही पटलं, पण मला विचारतो कोण! तो तुकडा मातीचा राहिला. उन्हाळ्यात दगडासारखा टणक, पावसात नुसतं लोणी.

दत्ताने गाडी घेतली ती या तुकड्याकडे बघूनच. जुनी, दुसऱ्याने वापरलेली, पण तिच्या मागच्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डब्यात, एलएसडी होती. हे प्रकरण मला एसटीत कधी भेटलं नव्हतं. दत्ताने मला अंगणात बसवून समजावलं. साध्या गाडीचं एक मागचं चाक चिखलात गेलं की इंजिनाची ताकद त्याच चाकात वाया जाते. ते गरगरत बसतं आणि कोरड्यावरचं दुसरं चाक ढिम्म उभं राहतं. एलएसडीत दोन चाकांच्या मध्ये तबकड्या असतात, त्या एकमेकींना दाबून धरतात. एक चाक फुकट फिरायला लागलं की त्या तबकड्या ताकद दुसऱ्याकडे पोचवतात.

"म्हंजे एक पडलो तर दुसरो तेका ओढता," मी म्हटलं.

"ताच, काका."

गेल्या पावसाळ्यात ती गाडी त्या चिखलातून अशी वर गेली की माझ्यासारखा माणूससुद्धा गप्प बसला. सत्यवान तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, माझ्या झिलाने हत्ती आणलाय.

आवाज सुरू झाला तो यंदाच्या वैशाखात. वळणावर स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की मागून कट-कट-कट-कर्रर्र, आणि सगळी गाडी हादरायची. कुणीतरी मागून धरावं, सोडावं, पुन्हा धरावं, तसं. पुढे ओरोसपर्यंत काही नाही. फक्त राखणदाराच्या वळणावर, कारण एवढं स्टिअरिंग आमच्या वाटेत दुसरीकडे कुठे फिरतच नव्हतं. हे कारण शेंबड्या पोरालाही कळेल. सत्यवानाला कळलं नाही.

मी दर खेपेला मागच्या सीटवर त्याच्या शेजारी बसायचो. डायलिसिस करून परतताना त्याला टेकायला कोणाचा तरी खांदा लागे. पहिल्यांदा तो आवाज झाला तेव्हा त्याने माझं मनगट धरलं.

"बाबली, ह्यो माका आडयता."

"कोण आडयता? तेल सोपला आसात गाडीतला."

"तेच्या दारातसून रस्तो मी न्हेलंय. तेना ध्यानात ठेवल्यान. आता माका सोडूचो नाय."

मी हसलो. हौसाबाई, त्याची बायको, पुढच्या सीटवर होती, ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिने पाषाणापुढे नारळ ठेवला, विडी पेटवून ठेवली आणि धोंडूकडून गाऱ्हाणं घालून घेतलं. धोंडू आमच्या वाडीचा मानकरी. देवाशी बोलायचा मक्ता त्याच्या घराण्याकडे. त्याने राखणदाराला सांगितलं, लेकराची चूक पोटात घाल, वाटेतली इडापिडा दूर कर. आम्ही 'व्हय म्हाराजा' म्हटलं. पुढच्या खेपेला वळणावर गाडी पहिल्यापेक्षा जोराने ओरडली.

त्यानंतरच्या खेपेला सत्यवान अंगणातल्या खुर्चीतून उठेनाच.

"मी येवचंय नाय. तो नको म्हणता तर मी कसो जावू?"

डॉक्टरांनी बजावलं होतं, खेप चुकवायची नाही. अंगातलं पाणी निघालं नाही तर ते फुप्फुसात चढतं. दत्ता बापाच्या पाया पडला. मी आवाज चढवला. हौसाबाई नुसती दाराला टेकून रडत राहिली. त्या दिवशी तो गेला नाही. दुसऱ्या दिवशी पाय टम्म सुजले, दोन वाक्यं बोलताना धाप लागू लागली, तेव्हा कसाबसा गाडीत बसला. वळणावर तो आवाज झाला तसे त्याने डोळे घट्ट मिटले आणि ओरोस येईपर्यंत उघडले नाहीत.

म्हणजे गोष्ट सरळ होती. तो आवाज गेला नाही तर सत्यवान गाडीत बसणार नव्हता, आणि गाडीत बसला नाही तर जगणार नव्हता.

दत्ता आणि मी गाडी घेऊन कणकवलीला जितेंद्रकडे गेलो. हायवेच्या कडेला त्याचं गॅरेज आहे. तोंडाचा फटकळ, पण काम चोख. त्याने गाडी उचलली, मागचा बोल्ट काढून तेल ट्रेमध्ये सोडलं, बोटांवर चोळलं, नाकाशी नेलं.

"ह्या साधा गियर ऑइल आसा. कोणी घातल्यान?"

"मधी एकाकडे सर्व्हिसिंग करून घेतलंय, तेवा तेना बदलल्यान," दत्ता म्हणाला.

"थंयच फसलास." जितेंद्रने दोन्ही हातांचे तळवे एकमेकांवर दाबून धरले. "ह्यो बग तबकड्यो. वळणार भायल्या चाकाक जास्त फिराक लागता, आतल्याक कमी. तेवा तबकड्यांका एकमेकीवर वायच सरकाक होया. साध्या तेलात त्यो सरळ सरकनत नाय. धरतत, सुटतत, धरतत, सुटतत. तोच तुमचो आवाज."

मी मनात म्हटलं, हे सत्यवानाला इथे आणून ऐकवायला हवं. पण त्यानेही काही झालं नसतं, हेही मला ठाऊक होतं.

जितेंद्रने फळीवरून डबे काढून आमच्यापुढे ठेवले. एक साधं गियर ऑइल. दुसरं तसंच, पण त्यावर 'एलएस' अशी अक्षरं. तबकड्या मऊ सरकाव्यात म्हणून लागणारं औषध त्यात कंपनीनेच मिसळलेलं. आणि शेजारी मुठीत मावेल अशी एक बाटली, त्यात नुसतं औषध.

"साध्या तेलात ही बाटली ओतूची, नाय तर सरळ एलएस घालूचा. दोनाय एकत्र नको. एलएसात पुन्ना बाटली ओतलास तर तबकड्यो इतक्यो गुळगुळीत होतत की धरूकच इसारतत. आवाज जाता आणि पकडय जाता. मगे ही गाडी आणि साधी गाडी एकच."

"एलएस घातला तर आवाज पूर्ण जायत मां?" दत्ताने विचारलं.

"बरोसो जायत. वायच रवलो तर रवांदे. तेवडो आवाज म्हंजे पकड जिती आसा. आणि पाऊस लागलो की चिखलात चाकां सरकतत, आवाज आपसूक गप होता. म्हयनोभर कळ काडा."

"कळ काडूक येवची नाय," दत्ता म्हणाला. "पूर्ण जावक होयो." आणि त्याने कारण सांगितलं.

जितेंद्रला फटकळपणा करायची ही नामी संधी होती. पण तो हसला नाही. कणकवलीचा झाला म्हणून काय, त्याच्याही गावात राखणदार आहे. तो बराच वेळ फडक्याला हात पुसत राहिला आणि मग त्याने एलएसचा डबा उघडला. तेल भरून झाल्यावर म्हणाला, खंयतरी मोकळ्या माळार जावन सावकाश आठ घाला, उजव्यान, डाव्यान. औषध तबकड्यांत मुराक होया. निघताना दत्ताने फळीवरची ती बाटलीही मागून घेतली.

"ती कित्याक?" जितेंद्रने विचारलं.

"आसांदे घरात."

कणकवलीबाहेरच्या एका माळावर आम्ही गाडीने आठाचा आकडा गिरवत बसलो. रस्त्याने जाणारे थांबून बघत होते. म्हातारा आणि तरणा दोघे सकाळीच टाकून आलेत असं त्यांना वाटलं असणार. सुरुवातीला गाडी प्रत्येक वळणाला कुरकुरली, मग कमी, मग आणखी कमी. शेवटी नुसता चाकांखालचा खडा वाजू लागला. दत्ता माझ्याकडे बघून हसला. आजारपण घरात शिरल्यापासून त्याला हसताना मी पाहिलं नव्हतं, आणि मलाही बरं वाटलं.

पुढच्या खेपेला वळण आलं आणि गेलं. सत्यवान कान देऊन बसला होता. वर डांबरीला लागल्यावर त्याने श्वास सोडला.

"आज काय बोललो नाय तो."

हौसाबाईने राखणदाराला कोंबडा दिला. नारळ त्याला, विडी त्याला, कोंबडाही त्याला. तेलाच्या डब्यापुढे कोणी उदबत्तीसुद्धा लावली नाही. मी हे बोललो तेव्हा हौसाबाई म्हणाली, "भावजी, तुमका तेल दिसला. तेल घालूची बुद्धी कोणी दिल्यान?" बायकांशी वाद घालण्यात अर्थ नसतो, असं म्हणून मी गडगा ओलांडून घरी आलो.

थोडे दिवस बरे गेले. मग एका खेपेला वळणावर मागून 'कट्' असं एकदाच झालं. एकदाच आणि तेही बारीक. बोट मोडल्याएवढं. मी ऐकलं, दत्ताने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि सत्यवानाने माझं मनगट धरलं.

पुढच्या खेपेच्या सकाळी तो पुन्हा खुर्चीतून उठला नाही.

दुपारी गडग्यापलीकडे बघितलं तर दत्ता गाडीखाली उताणा पडलेला. शेजारी ती बाटली आणि एक रबरी नळी. मी गडगा ओलांडून गेलो.

"जितेंद्रान काय सांगलेल्यान तुका?"

"आयकलंय मी."

"एलएसात बाटली नको म्हणालेलो. पकड जातली रे, मेल्या! पाऊस तोंडार आसा."

दत्ता खालून बाहेर आला. त्याचे डोळे लाल झाले होते.

"काका, बाबा गाडीतच बसाचे नाय तर ती पकड घेवन मी काय करू?"

मी त्या दिवसापासून याचं उत्तर शोधतोय. तो पुन्हा गाडीखाली गेला आणि बाटली रिकामी केली. मग वाडीच्या मैदानात त्याने एकट्याने आठ घातले. सत्यवान आपल्या खुर्चीतून ते बघत होता. मैदानात आवाज नाही, वळणावर आवाज नाही. संध्याकाळी तो न सांगता गाडीत जाऊन बसला आणि आम्ही रात्र पडायच्या आत ओरोस गाठलं.

तेव्हापासून गाडी मुकी झाली. सत्यवानाला झोप लागू लागली. पेजेचं ताट पुढे आलं की तोंड फिरवायचा तो आता मागून घेऊ लागला. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं, म्हणून त्या बाटलीला नुसत्या शिव्या घालणं मला जमत नाही.

पाऊस लागला. मी दत्ताला म्हटलं, पावसाचे दिवस गाडी वर डांबरीला ठेव, बापाला खुर्चीत बसवून चौघेजण वर नेऊ. सत्यवानाने ते ऐकलं.

"चौगांच्या खांद्यार तेच्या फुडसून मी एकदाच जातलंय. जितो आसताना नाय."

त्याचा आवाज असा होता की पुन्हा कोणी हा विषय काढला नाही. मग दत्ता आणि मी चिऱ्यांचे तुकडे आणून त्या मातीच्या तुकड्यावर पसरू लागलो. आम्ही पसरायचे आणि घाटीवरून येणाऱ्या पाण्याने ते गटारात ढकलायचे. तरी हळूहळू, जपून, गाडी जात राहिली. दत्ताचा हात चांगला, म्हणून गेली. पकडीवर नाही गेली.

आषाढात सलग पाऊस झोडपत राहिला. वरच्या रस्त्यावर ओहोळाचं पाणी आलं आणि सत्यवानाची एक खेप चुकली. या वेळी त्याचा दोष नव्हता. पाणी उतरेपर्यंत त्याची छाती भरून आली होती. आडवं होता येत नव्हतं. उशा टेकवून बसून राहायचा आणि तोंडाने श्वास ओढायचा. रस्ता मोकळा झाल्याचा फोन आला त्या सकाळी तो स्वतः उठला, माझ्या खांद्यावर हात टाकून गाडीपर्यंत चालत आला.

"आज तो राजी आसा," मला म्हणाला. "बऱ्याच दिवसात काय बोललो नाय."

हौसाबाई पुढे बसली, मी मागे त्याच्याजवळ. दत्ताने पहिला गियर टाकला आणि न थांबता, न घाई करता घाटी चढायला सुरुवात केली. वळण आलं. त्याने स्टिअरिंग पूर्ण फिरवलं. मागून काहीही आवाज नाही. सत्यवानाचा हात माझ्या हातात सैल पडला. तेवढ्यात उजवं मागचं चाक कडेच्या चिखलात उतरलं आणि गरगरायला लागलं.

दत्ताने पाय काढला, परत हलकेच दिला. चाक नुसतं फिरत होतं. मी दार उघडून खाली बघितलं. डावं चाक चांगल्या टणक चिऱ्यावर होतं. त्याने नुसतं एकदा ढकललं असतं तर गाडी वर आली असती. पण ते हलत नव्हतं. उजवं मातीचे फवारे उडवत होतं आणि डावं स्वस्थ उभं होतं. आरशात मला दत्ताचे डोळे दिसले. ते मला विसरता येत नाहीत.

"हँडब्रेक अर्धो ओढ," मी ओरडलो. गरगरणारं चाक ब्रेकने दाबून धरलं की थोडी ताकद दुसऱ्याकडे जाते; एसटीतल्या अडल्या वेळच्या युक्त्या कधी कधी कामी येतात. त्याने ओढला. डाव्या चाकाने जरा जोर धरला, गाडी वीतभर पुढे आली, आणि मग सगळा मागचा भाग घसरून गटाराच्या बाजूला गेला. खालून दगडावर लोखंड बसल्याचा आवाज आला. गाडी टेकली. आता ढकलून काही होणार नव्हतं.

तरी माणसं जमली, ढकललं. झावळं घातली, पोती घातली, सगळ्यांची अंगं चिखलाने भरली. कोणीतरी अँब्युलन्सला फोन केला. ती निघाली होती, पण खाली उतरणार नव्हती, वर डांबरीवर थांबणार होती. धोंडू धावत जाऊन सत्यवानाच्या अंगणातली खुर्ची घेऊन आला.

गाडीत सत्यवानाचा जीव घुसमटत होता, म्हणून आम्ही त्याला बाहेर काढून खुर्चीत बसवलं. त्यातल्या त्यात पाऊस कमी लागेल अशी जागा किंजळीखालीच होती. म्हणजे राखणदाराच्या समोर. हौसाबाईने त्याच्या डोक्यावर छत्री धरली. त्याचे ओठ निळे पडले होते आणि प्रत्येक श्वासाबरोबर छातीत पाणी खळखळत होतं. दत्ता त्याच्यापुढे चिखलात गुडघ्यांवर बसला.

"बाबा, ह्यो राखणदार नाय. ह्या मी केलंय. औषध जास्त ओतलंय मी. तेतूर पकड गेली. आयकतास मां, बाबा? माज्यान झाला ह्या."

सत्यवानाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. पण बघत होता तो पाषाणाकडे.

"बग, बाबली," तो तुकड्या-तुकड्याने म्हणाला. "आज आवाजय नाय केल्यान. गप आडयल्यान."

"बाबा!"

"तुजो काय दोष नाय रे. ह्या माजा आणि तेचा आसा."

आम्ही चौघांनी खुर्ची खांद्यावर घेतली. एका बाजूला मी होतो. आता तो नको म्हणाला नाही. पाषाणापुढून आम्ही चालत गेलो, तो मातीचा तुकडा पार केला, आणि वरच्या काँक्रीटला पाय लागले तेव्हा त्याचा हात माझ्या मानेवरून घसरून खाली लोंबला. मी कोणाला सांगितलं नाही. तसेच वर गेलो. अँब्युलन्समधल्या डॉक्टरने त्याला खाली ठेवायला लावलं, बराच प्रयत्न केला आणि मग हौसाबाईला बाजूला घेऊन गेला.

दत्ताने लपवलं नाही. जो जो भेटायला आला त्याला त्याने सांगितलं, माझ्यामुळे बाबा गेले, मी बाटली ओतली. कोणी ऐकून घेतलं नाही. धोंडूने पाठीवरून हात फिरवला. "राखणदाराची मर्जी बाबा, तू मनाक लावन घेव नको." बायका म्हणाल्या, असा पूत हजारात एक. आईने सांगितलं, तू तेल नसतंस घातलंस तर ते आधीच गेले असते. सगळी वाडी त्याला निर्दोष सोडत होती, आणि तो प्रत्येकापुढे पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागायचा. त्याचं खरं मानणारा वाडीत मी एकटा होतो. ते मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही. बोलून त्याचा काय फायदा होता?

तेरावं झालं. त्यानंतर हौसाबाई धोंडूच्या दारात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, कौल लावा. त्या तुकड्यावर सिमेंट घालायचं की नाही, एकदा विचारा.

देवळात सगळी वाडी जमली. धोंडूने देवाच्या पाषाणाला उजवीकडे-डावीकडे पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. राखणदाराच्या दारातली वाट पक्की करायची आहे, लेकरांना अडचण होते, त्याची मर्जी असेल तर उजवी दे. "व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो. आमचा आवाज विरायच्या आत उजवी पाकळी सुटून खाली पडली. कौल मिळायला लोक तास-तास ताटकळतात. इथे देवाने वाटच बघायला लावली नाही.

माणसं एकमेकांकडे बघू लागली. हौसाबाई पाकळीकडे बघत राहिली.

"मगे आदी कोणी इचारल्यान कित्याक नाय?"

धोंडू पाकळी उचलायला खाली वाकला. दत्ता मागे खांबाजवळ उभा होता, तो देवळातून बाहेर निघून गेला.

दिवाळीनंतर त्या तुकड्यावर सिमेंट पडलं. त्याआधीच दत्ताने गाडीतलं तेल सगळं काढून टाकलं होतं, आतला भाग धुऊन घेतला होता आणि साधं गियर ऑइल भरलं होतं. त्यात औषध नाही, बाटली नाही, काही नाही.

"एलएस घाल रे," मी म्हटलं. "साध्यान तबकड्यो झिजतत."

"झिजांदेत."

"आवाज येतलो."

"येवंदे, काका."

आता टणक काँक्रीटवर गाडी पूर्वीपेक्षा जास्त ओरडते. पकड आहे, आणि आता तिथे पकडीची गरज उरलेली नाही. बाजाराला जाताना हौसाबाई पुढे बसते, मी मागे, शेजारची जागा रिकामी. वळण आलं की कट-कट-कट-कर्रर्र सुरू होतं. हौसाबाई पाषाणाकडे बघून हात जोडते आणि म्हणते, "बोलता हां आता." गाडीचा आवाज हा गाडीचाच असतो, हे सांगायची मला आता इच्छा होत नाही. दत्ता काच खाली करतो, स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवून धरतो आणि गाडी इतकी सावकाश नेतो, की तो आवाज लवकर संपू नये.